कोकणातून मुंबईला कॉलेजच्या मुलाखतीला जाताना: आधी पत्ता, मग तिकीट

मुलाखतीचं पत्र आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘गाडी खंयची?’ दुसरा, ‘उतरायचं कुणाकडे?’ आणि पत्रातला पत्ता नीट वाचायची वेळ येते ती दादरच्या पुलावर उभं राहिल्यावर. हा क्रम उलटा केला की अर्धा गोंधळ घरातच मिटतो, म्हणून हा लेख.

मी कुडाळ तालुक्यातली. घरातल्या मुलांच्या मुलाखतींना सोबत गेले, आणि त्यानंतर वाडीतली पोरं पत्र आलं की मोबाइल घेऊन माझ्याच पडवीत येऊ लागली. त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहिते. उदाहरणं सिंधुदुर्ग-रत्नागिरीची आहेत, कारण मला तोच रस्ता माहीत आहे.

१. पत्र मोठ्याने वाचा

मोठ्याने, आणि घरातल्या दोघांनी. मुलं फक्त तारीख वाचतात. पत्रात तीन गोष्टी शोधायच्या: मुलाखत प्रत्यक्ष आहे की ऑनलाइन, हजर राहण्याची वेळ काय (ती मुलाखतीच्या वेळेपेक्षा वेगळी असते, कारण आधी कागदपत्रं तपासतात), आणि पत्ता कुठल्या कॅम्पसचा आहे.

पत्त्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात मोठा खड्डा इथेच आहे. मुंबईत एकाच नावाच्या चार जागा असतात. टॅक्सीवाल्याला ‘टाटा’ म्हणालात तर तो सरळ परळच्या टाटा हॉस्पिटलला नेईल, कारण त्याच्याकडे येणारी निम्मी बाहेरगावची माणसं तिथेच जाणारी असतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस, आहे देवनारला. मूलभूत संशोधनाची टाटा संस्था, टीआयएफआर, आहे पार कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरात. तिन्ही ठिकाणांना लोक ‘टाटा’च म्हणतात.

‘जे.जे.’चंही तसंच. चित्रकलेचं सर जे.जे. महाविद्यालय सीएसएमटी स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. जे.जे. हॉस्पिटल भायखळ्याच्या बाजूला. विद्यापीठाचं जुनं आवार फोर्टला, राजाबाई टॉवरपाशी. बहुतेक विभाग मात्र कलिन्याला. सोमय्यांची बरीचशी कॉलेजं विद्याविहारला, पण वैद्यकीय महाविद्यालय शीवला.

म्हणून पत्ता पूर्ण लिहून घ्या. शेजारी जवळची खूण लिहा (टिससाठी ‘देवनार बस डेपोसमोर’ हे रिक्षावाल्याला पटकन कळतं) आणि त्याखाली जवळचं लोकल स्टेशन. हे सगळं मोबाइलमध्ये ठेवाच, पण कागदावरही हवं. बॅटरी मुंबईत पोचेपर्यंत संपते.

२. कुठे उतरायचं ते पत्त्यावरून ठरवा

आपल्या डोक्यात मुंबई म्हणजे दादर. चाकरमान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिथेच ट्रंका उतरवल्या. पण कोकणातून जाणाऱ्या बहुतेक गाड्या आधी पनवेलला आणि ठाण्याला थांबतात, आणि पुष्कळदा तिथेच उतरणं शहाणपणाचं असतं.

देवनारला जायचं असेल तर पनवेलला उतरा. तिथून हार्बर मार्गाची सीएसएमटी लोकल सुटते. सुरुवातीचंच स्टेशन, त्यामुळे बसायला मिळण्याची आशा असते. वाशी, मानखुर्द आणि मग गोवंडी. गोवंडीहून रिक्षा. दादरला जाऊन परत कुर्ल्यावरून हार्बर पकडणं म्हणजे सामानासकट जिने चढण्या-उतरण्याची शिक्षा.

पवईच्या आयआयटीला जायचं असेल तर ठाणे. तिथून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल घ्या: मुलुंड, नाहूर, भांडुप आणि कांजूरमार्ग. जलद लोकलमध्ये बसलात तर कांजूरमार्ग खिडकीतून बघाल आणि घाटकोपरला उतराल.

माटुंग्याच्या व्हीजेटीआय किंवा आयसीटीसाठी दादर बरं. तिथून टॅक्सी फार होत नाही. कलिन्यासाठी सांताक्रूझ पूर्व किंवा कुर्ला पश्चिम. फोर्ट, झेवियर्स, जे.जे. कला, कुलाबा यांसाठी थेट सीएसएमटी.

आणखी एक. काही गाड्या लोकमान्य टिळक टर्मिनसला संपतात. तिकिटावर ‘एलटीटी’ दिसलं की लोक ‘कुर्ला’ म्हणतात, पण कुर्ल्याचं लोकल स्टेशन वेगळं. टर्मिनसवरून जवळचं लोकल स्टेशन टिळकनगर, तेही हार्बरचंच. म्हणजे देवनारवाल्यांना ही गाडीसुद्धा चालते.

३. तिकीट

नोव्हेंबर २०२४पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुलाखतीचं पत्र इतक्या आधी येत नाही, त्यामुळे बहुतेकांना वेटिंग किंवा तत्काळ हेच वाट्याला येतं. तत्काळ गाडी सुटायच्या आदल्या दिवशी: एसीचं सकाळी १० वाजता, बिगर-एसीचं ११ वाजता. ऑनलाइन तत्काळला जुलै २०२५पासून आधारने पडताळलेलं खातं लागतं. हे खातं पत्र येण्याआधीच, अर्ज भरला त्याच आठवड्यात करून ठेवा. ऐनवेळी ओटीपी येत नाही, कारण आधारला जोडलेला नंबर भलत्याच सिमचा असतो आणि ते सिम बंद झालेलं असतं.

वेटिंगचं तिकीट घेऊन ‘चढू आणि बघू’ असं करू नका. खिडकीवर काढलेलं असलं तरी त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही, आणि ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर आपोआप रद्द होतं. आरएसी चालतं. एका बाकावर दोघं बसून रात्र जाते, पण जाते.

मुंबईकडे जाणाऱ्या गाड्या कधी भरतात हे आपल्याला ठाऊक असतंच: मेअखेर, जूनचा पहिला आठवडा, आणि गौरी-गणपती विसर्जनानंतर. मुलाखती नेमक्या मे-जूनमध्ये असतात. तेव्हा एसटीचाही विचार करा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. आई-मुलगी जाणार असतील तर हिशेब एसटीच्या बाजूने झुकतो. खासगी बसने जाणार असाल तर आधी विचारा की शेवटचा थांबा कुठला. बऱ्याच बोरिवलीपर्यंत जातात, आणि झोपेत तुमचा थांबा मागे पडला तर पहाटे चार वाजता हायवेवर उतरायची पाळी येते.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं. गाड्या सावकाश चालतात, सुटण्याच्या वेळा वेगळ्या असतात. पाठ असलेल्या वेळेवर स्टेशनला जाऊ नका, तिकिटावरची बघा. आणि रोहा ते वीर सोडलं तर आपला मार्ग बहुतेक एकेरी आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला तास-दीड तास कुठेही उभं राहावं लागतं. दरड आली तर विषयच संपला: जुलै २०२४मध्ये खेडजवळ दरड पडून मार्ग बंद झाला होता, आणि गाड्या जिथल्या तिथे राहिल्या होत्या.

त्यावरून एकच नियम मी कुणालाही मोडू देत नाही. मुलाखतीच्या दिवशी पहाटे पोचणारी गाडी घ्यायची नाही. आदल्या दिवशीच पोचायचं.

४. कोणी जायचं

एक पोर आणि एक मोठं माणूस. फार तर दोन मोठी माणसं.

हे ऐकून लोक रागावतात. आत्याला मुंबईत डॉक्टरांना दाखवायचं असतं, आजीला सिद्धिविनायक करायचा असतो, धाकट्याला शाळा नसते. सगळं खरं. पण ती वेगळी फेरी. मुलाखतीच्या फेरीत पाच माणसं आली की पोराच्या डोक्यात पाच माणसांच्या जेवणाची काळजी शिरते.

सोबत जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच कबूल करायची: आपल्याला आत सोडणार नाहीत. बहुतेक संस्थांत पालक फाटकाशी नाहीतर एखाद्या हॉलमध्ये बसतात. तीन-चार तास शांत बसू शकणारं माणूस न्या. बाबांना ते जमत नसेल तर काकी जाऊ दे.

आणि सामान. ‘चेडवाक घेवन मुंबयक चल्लंस?’ असं कुणी विचारलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: आमच्या प्रभाकरसाठी जरा हे न्या. तांदूळ, नारळ, आगळ, फणस. नाही म्हणायला शिका. मीही शिकले, आणि आमच्या वाडीत अजून बोलणी चालू आहेत. मुक्कामाच्या घरासाठी एक पिशवी पुरे.

५. कागदपत्रं: इथे घाई चालत नाही

मूळ प्रती एका फाइलमध्ये, स्वतः सही केलेल्या झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये. दोन्ही फाइल वेगवेगळ्या माणसांच्या पिशवीत. पावसाळा असेल तर फाइल आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग बॅगेत.

काय काय लागतं:

- मुलाखतीच्या पत्राची छापील प्रत आणि भरलेल्या अर्जाची प्रत
- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र
- दहावी, बारावी, आणि पुढचं शिक्षण झालं असेल तर सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला
- राखीव प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला आणि लागू असलेली इतर प्रमाणपत्रं
- उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र
- पासपोर्ट आकाराचे फोटो, अर्जावर लावलेलाच
- खेळ, एनएसएस, चित्रं, प्रकल्प यांचं जे काही असेल ते

आता यातली गोम. टिस, आयआयटी या केंद्राच्या नियमांनी चालणाऱ्या संस्था. त्यांना ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. आपल्या तहसीलमधून राज्यासाठी मिळालेलं नॉन-क्रीमीलेअर तीन वर्षांचं असलं तरी तिथे सहसा चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं मागतात. राज्यातला एसईबीसी, म्हणजे मराठा समाजाचा, प्रवर्ग केंद्रात नाहीच. तिथे मराठा मुलांना, निकषात बसत असतील तर, ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटकाचा) दाखला काढावा लागतो, तोही केंद्राच्या नमुन्यात. व्हीजे-एनटी (विमुक्त-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) हेही प्रवर्ग तिथे वेगळे नसतात. त्यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत. तिथे आपलं नाव कसं लिहिलंय ते अक्षर न्‌ अक्षर बघा.

सेतूच्या खिडकीवर ‘दाखला पाहिजे’ एवढंच म्हणालात तर राज्याचा मिळेल. ‘केंद्राच्या प्रवेशासाठी’ असं सांगा, आणि संस्थेच्या माहितीपत्रकातला नमुना छापून हातात द्या. मे महिन्यात अर्ध्या तालुक्याची रांग असते, आणि सर्व्हरला नेमका तेव्हाच ताप येतो. एप्रिलमध्येच जा.

नावाचं बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नंतर, एवढा फरक सहसा चालून जातो. पण एकीकडे ‘परब’ आणि दुसरीकडे गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव, किंवा वडिलांचं नाव एकीकडे ‘दत्ताराम’ आणि दुसरीकडे ‘दत्ता’, असं असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

डिजिलॉकरवर गुणपत्रिका उतरवून ठेवा, पण त्यावर विसंबून मूळ प्रत घरी ठेवू नका.

६. मुक्काम

नातेवाईक असतीलच. प्रश्न ते राहतात कुठे हा. मामा विरारला आणि मुलाखत देवनारला असेल तर मामाच्या प्रेमाची किंमत पोर सकाळच्या लोकलमध्ये मोजतं. दूरच्या सख्ख्या मामापेक्षा चेंबूरचा लांबचा चुलता परवडला. त्याला फोन करायला लाजू नका, वर्षातून एकदा गणपतीत भेटणारी माणसं अशा वेळी आनंदाने दार उघडतात.

कुणीच नसेल तर गावच्या मुंबई मंडळाला विचारा. गिरगाव, लालबाग, परळ भागात काही गावांच्या खोल्या अजून आहेत. गिरण्यांच्या काळात एकट्या पुरुषांसाठी घेतलेल्या, त्यामुळे मुलग्याला आणि बाबांना ठीक, मुलीला सोय नसते. मोठ्या स्टेशनांवर रेल्वेच्या रिटायरिंग रूम असतात, त्या कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन घेता येतात. काही संस्था आपल्या अतिथीगृहात किंवा वसतिगृहात एका रात्रीची सोय करतात. पत्रात लिहिलेलं नसलं तरी एक मेल टाकून विचारायला पैसे पडत नाहीत.

७. आदल्या दिवशी फाटक बघून या

संध्याकाळी, मुक्कामाच्या घरातून निघून, उद्याच्याच रस्त्याने. किती वेळ लागला, कुठल्या बाजूला उतरलो, रिक्षा कुठे मिळाली, एवढं टिपा. उद्या यात सकाळच्या गर्दीचा अर्धा-पाऊण तास मिळवा.

रविवारी ही तालीम करणार असाल तर मेगाब्लॉक आहे का ते आधी बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दिवसा दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा वळवलेल्या असतात, आणि आपण ‘मुंबईत गाड्याच नाहीत’ असं समजून घाबरतो.

८. लोकल, रिक्षा, टॅक्सी

बाबा आणि मुलगी एकत्र असाल तर साध्या डब्यातच चढा. गर्दीत मुलगी लेडीजमध्ये चढली तर उतरायचं स्टेशन दोघांनाही ठाऊक हवं. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून फारसा वेगळा दिसत नाही. फलाटावरच्या खुणा बघा, नाहीतर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. लोकलचं तिकीट खिडकीवर किंवा मशीनवर काढा, रांग मोठी दिसली तरी दहा मिनिटांत पुढे सरकते.

सामान घेऊन सकाळी ८ ते ११ सीएसएमटीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये शिरू नका. त्या वेळात ती रोजच्या माणसांची असते, आणि ती माणसं वाईट नसतात, पण त्यांना नऊ-बावन्नला मस्टर असतं.

रिक्षा उपनगरातच चालते: पश्चिमेला वांद्र्यापर्यंत, पूर्वेला शीवपर्यंत. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी. दोन्ही मीटरवर. फेब्रुवारी २०२५पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आणि टॅक्सीचं ३१. मीटर टाकायला नाही म्हणाला तर वाद घालू नका, दुसरी बघा. सीप्झ-आरे पासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून पूर्ण सुरू झाली. दक्षिण मुंबईत जायचं असेल आणि पाऊस असेल तर ती सगळ्यात निवांत. पाऊस जोराचा झाला की लोकल अडते ती बहुतेक कुर्ला-शीवच्या पट्ट्यात.

९. त्या दिवशी

नेहमीची चहा-पोळी किंवा पोहे. मुंबईच्या वडापावची हौस संध्याकाळी. बूट बॅगेत, पायात रबरी चप्पल, फाटकाशी बदला. फोन बंद करून सोबतच्या माणसाकडे द्या.

बाहेर बसलेल्या पालकांची एक सवय: बाहेर आलेल्या प्रत्येक पोराला अडवून ‘काय विचारलं?’ म्हणतात, आणि ते आपल्या पोराला सांगायला धावतात. करू नका. प्रत्येकाला वेगळं विचारतात.

१०. आत काय विचारतील

विषयाचं मी काय सांगणार. पण एक प्रश्न मात्र कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला येतो: ‘तुमच्या गावाबद्दल सांगा.’ आणि आपली मुलं ‘निसर्गरम्य’ म्हणून गप्प बसतात.

त्याऐवजी घरात बसून आठवडाभर गावावरच बोला. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग आपल्या बागायतदाराला त्याचा काय उपयोग झाला, आणि काय झाला नाही? पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून रापणवाले, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, का भांडतात? बारसूला रिफायनरी हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांचं म्हणणं काय? तिथल्याच सड्यावरची (कातळाच्या पठारावरची) कातळशिल्पं किती जुनी मानतात? सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग २०२५मध्ये जागतिक वारशात गेले, आता किल्ल्यावर राहणाऱ्या आणि होड्या चालवणाऱ्यांचं काय? यातलं एक जरी पोराला स्वतःच्या शब्दांत मांडता आलं, आजोबांनी काय सांगितलं ते जोडून, तर समोरची माणसं पुढे झुकून ऐकतात. मत कुठलंही असो, ते का आहे हे सांगता यावं.

इंग्रजी अडली तर ‘हे मी मराठीत सांगू का?’ असं विचारायला हरकत नसते. बऱ्याच ठिकाणी मंडळात मराठी जाणणारं कुणीतरी असतं. नसलं तर साधी, तोडकी वाक्यं चालतात. पाठ केलेलं इंग्रजी दुसऱ्याच प्रश्नाला उघडं पडतं.

११. परत निघताना

परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका, मुलाखती लांबतात. दुसऱ्या दिवशीचं काढा. तेव्हा सिद्धिविनायक करा, मामाकडे जा, वडापाव खा.

पत्रात प्रवासखर्च देण्याची ओळ असेल (काही संस्था अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना देतात) तर तिकिटं फेकू नका. तिथूनच फॉर्म घ्या आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा.

गावी आल्यावर घरात कुणीतरी एकाने रोज मेल उघडायचा, स्पॅमसकट. निकाल लागला की फी भरायला थोडेच दिवस देतात, आणि जुलैच्या पावसात आपल्या वाडीत रेंज असेलच असं नाही. कुडाळला किंवा कणकवलीला कामाला जाणारा कुणी असेल तर पासवर्ड त्याच्याकडे देऊन ठेवा. बँकेत जाऊन यूपीआयची आणि नेट बँकिंगची रोजची मर्यादा किती आहे तेही विचारा. फीची रक्कम त्याहून मोठी असेल तर मर्यादा आधीच वाढवून घ्यावी लागते, नाहीतर बँकेतूनच एनईएफटी करावं लागतं, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद असते.